वाढणाऱ्यानं आधी खायचं

हे सांगायचं मी आजवर टाळलं. संधी मिळाली नाही असं म्हणता येणार नाही. कातकऱ्यांची मुलं शाळेत कशी आणलीत ते सांगा, म्हणून नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतरही मला ठिकठिकाणी बोलावलं गेलं. नव्या शिक्षकांसमोर उभा राहून मी खेकड्यांची गोष्ट सांगायचो. लोक हसायचे, टाळ्या वाजवायचे, कुणीतरी नारळ हातात द्यायचं. खेकड्यांच्या पुढचं मी कुठेच सांगितलं नाही. बायकोला सांगायचं ठरवलं होतं, तेही राहिलं आणि ती गेली.

सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं होती. ताम्हिणीच्या अलीकडे, घाटाला लागून असलेल्या एका गावात माझी एकशिक्षकी शाळा होती. एक खोली, पुढे पडवी, चारही इयत्ता एकाच वेळी. मी राहायला गावच्या पोलीस पाटलांच्या मागच्या खोलीत आणि जेवायला त्यांच्याच घरी. ओढ्यापलीकडे पाटलांच्या वरकस, डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर कातकऱ्यांच्या कारवीच्या झोपड्या होत्या. वाडीतल्या मुलांची नावं हजेरीपटावर असत, मुलं नसत. दिवाळी झाली की आईबापांबरोबर ती कोळशाच्या नाहीतर विटांच्या भट्टीवर जात. आली तरी पडवीच्या कडेला बसत. गावातली मुलं त्यांना उंदीरखाऊ म्हणत. मी ऐकलं न ऐकल्यासारखं करत असे.

त्यात एक मुलगी मात्र नेमाने यायची. पुस्तकात घराचा धडा होता. चित्रात खुर्च्या, फुलदाणी, भिंतीवर घड्याळ. तिनं विचारलं, "मास्तर, ह्ये कुनाचं घर?"

मी म्हणालो, "आपल्या सगळ्यांचं."

"मंग चूल कुटं हाय?"

गावातली मुलंही चित्रात चूल शोधायला लागली. त्यांच्याही घरात फुलदाणी नव्हतीच. त्या दिवशी माझ्या डोक्यात आलं की या मुलांना यांच्याच रानातलं काही शिकवावं. परिसर अभ्यास नावाचा विषय होताच. मला रानातलं काही येत नव्हतं. मी पुण्यात, पेठेत वाढलेला.

त्या मुलीची आजी तिला न्यायला यायची. सगळी वाडी तिला बय म्हणायची, मीही म्हणू लागलो. पडवीच्या पायरीवर बसून ती बिडी ओढायची आणि वर्गात काय चाललंय ते तोंडात पदर धरून ऐकायची. मी तिला म्हटलं, दर शनिवारी तू मुलांना रानातलं काही दाखव.

"पगार तुमी घेनार आन शिकवायचं म्या?" ती म्हणाली.

"तू फक्त दाखव. मी फळ्यावर लिहीन."

"फळ्यावर खेकडा चालतो व्हय, मास्तर?"

पण ती आली. पहिल्या शनिवारी तिनं मुलांना ओढ्यावर नेलं आणि कोणत्या बिळात खेकडा आहे, कोणतं रिकामं आहे आणि कोणत्यात हात घालायचा नाही ते दाखवलं. पाटलांच्या नातवानं ऐकलं नाही. त्याचं बोट खेकड्यानं धरलं. तो रडायला लागल्यावर बय त्याचं बोट सोडवत म्हणाली, "पाटलाचा हाय म्हनून सोडंल व्हय त्यो?" पोरं इतकी हसली की पाटलाचा नातूही रडता रडता हसला. भाषणांत मी हीच गोष्ट सांगत असे.

मग शनिवार ठरून गेला. पावसाळ्यात रानभाज्या, पुढे मासे अडवायच्या टोपल्या, पाखरांचे आवाज, वाघदेवाची गाणी. नात बयच्या बोलण्याचं आम्हाला समजेल अशा भाषेत करून सांगायची. गावातली मुलं तिच्या मागे हिंडायला लागली. उंदीरखाऊ हा शब्द बंद झाला असं म्हणणार नाही, पण मोठ्यानं कुणी म्हणेनासं झालं. तोवर ती चौथीत आली होती. त्या वाडीतलं कुणी चौथी झालेलं नव्हतं. मी बयला शब्द दिला की चौथी झाली की हिला आश्रमशाळेत घालू, राहणं-जेवण तिथेच, पुढचं शिक्षण तिथेच. त्या दिवाळीनंतर मुलगा आणि सून भट्टीवर गेली, पण बय नातीला घेऊन मागे राहिली. "या पोरीची चवथी व्हऊ दे," ती मला म्हणाली, "मंग म्या कुटं बी मरायला मोकळी." वाडीतली आणखी दोन-तीन घरं तिच्या भरवशावर पोरांना ठेवून गेली.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो.

बय मला खायला द्यायची. भाजलेले खेकडे, उकडलेले कंद, कधी माशाचं कालवण, पानात बांधून. मी दोन्ही हातांनी घ्यायचो आणि म्हणायचो, घरी जाऊन खातो. शाळा आणि गाव यांच्यामध्ये रस्त्याला मोरी होती. तिथे आलं की मी मागेपुढे बघून ते पान खाली टाकायचो. काही दिवसांनी गावची कुत्री शनिवारी दुपारी मोरीपाशी येऊन बसायला लागली. वर्गात मी जातपात मानू नका असं शिकवत होतो आणि मी स्वतः ती मानत नाही अशी माझी समजूत होती. ज्या मडक्यात उंदीर शिजतो त्यातलं आपल्याला जाणार नाही, एवढंच आहे, असं मी स्वतःला सांगायचो. पुढच्या शनिवारी बय विचारायची, "खाल्लं का, मास्तर?" मी म्हणायचो, "खाल्लं. छान होतं." नात शेजारी उभी असायची.

त्यांच्यात एक रीत होती. रानातलं काही शिजवलं की जो वाढणार तो आधी खाणार. खाऊन घटकाभर गप्प बसणार. त्याला काही झालं नाही तर मग पोरांना. बय पहिला घास स्वतः घ्यायची, एक बिडी ओढायची आणि मग टोपली पुढे सरकवायची. मला ही रीत फार आवडली होती. मी ती फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिली: रानातले अन्न वाढणारा आधी खातो. मुलांनी ती पाटीवर उतरवून घेतली. पाटलांच्या नातवाचं अक्षर सगळ्यांत सुंदर आलं म्हणून मी त्याची पाटी वर्गात फिरवली.

थंडीचे दिवस होते. आमच्या भागाचे शिक्षण विस्तार अधिकारी शाळा तपासायला शनिवारी येणार असा निरोप आला. शनिवारच्या तासाची बातमी त्यांच्या कानावर गेली होती. मी बयला म्हटलं, साहेबांना दाखवण्यासारखं काहीतरी कर. तिनं कडू करांदे करायचं ठरवलं. हा कंद मुळात विषारी. तो चिरून राखेच्या पाण्यात उकडायचा, मग टोपलीत भरून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचा, म्हणजे कडवटपणा आणि विष निघून जातं. गावातली माणसं त्याच्या वाटेला जात नसत. शुक्रवारी सकाळी शाळेच्या मागे चूल मांडून, घरचं मडकं आणून मुलांसमोर तिनं सगळं केलं, टोपली ओढ्यात दगडांमध्ये अडकवून ठेवली आणि ती लाकडं आणायला रानात गेली. जाताना म्हणाली, "उद्या म्या आल्याबिगर काडू नका."

साहेब शुक्रवारी दुपारीच आले. ताम्हिणीला काही काम निघालं होतं, जीप वाटेत थांबली. साहेबांना घाई होती. पडवीत उभे राहूनच म्हणाले, "काय ते दाखवा, गुरुजी. उद्या मी काही परत येत नाही."

मी त्यांना सांगू शकलो असतो की खाणं उद्या तयार होईल, आज गाणी ऐका. पण सगळी तयारी वाया जाईल असं मला वाटलं. खरं तर माझं नाव वाया जाईल असं वाटलं. मी दोन मुलांना ओढ्यावर पिटाळलं आणि टोपली आणवली. काप पांढरेशुभ्र दिसत होते. मी ते चांगल्या पाण्यानं धुतले, वर मीठ टाकलं आणि पळसाच्या पानांवर वाढले. साहेबांना पान दिलं तर ते म्हणाले, "माझा शुक्रवार असतो." आणि हसले.

गावातली मुलं खायला बसली. वाडीतली मुलं पानं समोर घेऊन बसून राहिली. हात मांडीवर.

मी म्हटलं, "खा रे. साहेब बघतायत."

नात उभी राहिली. "मास्तर, बयनं खाल्लं न्हाई अजून."

"बय कामाला गेलीय. आज मी वाढतोय."

"मंग तुमी खावा आदी."

तिनं हे अगदी साधेपणानं म्हटलं. मी शिकवलेलंच ती मला म्हणून दाखवत होती. फळ्यावर ते वाक्य अजून पुसलेलं नव्हतं. मी नुसता एक काप जिभेला लावला असता तरी कळलं असतं. पण तो काप त्या मडक्यातला होता. माझा हात पुढे झाला नाही. मी म्हणालो, "मी मागाहून खाईन. खाली बस."

ती बसली, पण तिनं खाल्लं नाही. तिच्याकडे बघून वाडीतल्या एकाही मुलानं खाल्लं नाही.

साहेब म्हणाले, "काय हो गुरुजी, ज्यांचं खाणं तीच खात नाहीत?"

मला राग आला. तो राग मला अजून आठवतो, त्याची जागा अंगात कुठे होती तेही आठवतं. मी गावातल्या मुलांना म्हटलं, "तुम्ही दाखवा रे यांना कसं खायचं ते." पाटलांच्या नातवानं आणखी मागून घेतलं.

जीप गेली. शाळा सुटायच्या आधीच मुलांच्या घशाची आग व्हायला लागली. मग उलट्या. पडवीभर मुलं ओणवी झाली होती. पाटलांच्या नातवाला चक्कर येऊन तो पडला. कोळशाचा एक ट्रक रस्त्यानं चालला होता, त्यात घालून त्याला पौडच्या दवाखान्यात नेलं. इतर मुलं रात्रीतून सावरली. तो काही दिवस तिथे होता, वाचला, पण त्याचा आवाज बरेच दिवस घोगरा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढे गाव जमलं. पाटलांनी आधी मला विचारलं. दोन वर्षं मी त्यांच्या घरी जेवत होतो, त्यांच्या बायकोनं मला मुलासारखं वाढलं होतं.

"गुरुजी, खरं सांगा. तुमी खाल्लं व्हतं का?"

नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न असा आला असता, की जे तुम्ही तोंडात घातलं नाही ते आमच्या पोरांना का घातलंत. त्याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते देवळापुढे देण्यासारखं नव्हतं. मी म्हणालो, "खाल्लं. एक काप."

मग बयला बोलावलं. ती पायऱ्यांच्या खाली, उन्हात उभी राहिली, नात तिच्या लुगड्याला धरून.

"तुजी पोरं का न्हाई खाल्ली गं?" पाटलांनी विचारलं. "आमच्या पोरांनी खाल्लं, तुमच्या एकानं बी तोंडाला लावलं न्हाई. त्येंला ठावं व्हतं, व्हय ना?"

"रात झाली न्हाई पान्यात," बय म्हणाली. "रात झाल्याबिगर त्यो कंद खायाचा न्हाई. टोपली दिसाच काडली. म्या न्हाई काडली."

मागून कुणीतरी म्हणालं, "आता टोपलीवर ढकलतीया."

पाटील म्हणाले, "गुरुजींनी बी खाल्लंय त्यातलंच. त्येंला कसं काय झालं न्हाई?"

बोलताना मला हे सुचलंच नव्हतं. मी स्वतःची लाज झाकायला एक शब्द बोललो होतो, आणि त्या शब्दानं तिचं खरं खोटं ठरलं. मला काही झालं नाही म्हणजे कंदात काही नव्हतं. कंदात काही नव्हतं म्हणजे मुलांना दुसरंच काही घातलं होतं. म्हाताऱ्या माणसांत कुजबूज सुरू झाली. करणी हा शब्द मी ऐकला.

बयनं माझ्याकडे पाहिलं. "खाल्लं, मास्तर?"

मी मान हलवली.

नातीनं तोंड उघडलं, "मास्तर कदीच..." आणि बयनं तिच्या तोंडावर हात ठेवला. जोरात नाही, पोर झोपेत बोलायला लागलं की ठेवतात तसा. पाटलांनी विचारलं त्यातल्या एकाही गोष्टीला तिनं पुढे उत्तर दिलं नाही.

वाडी पाटलांच्या जमिनीवर होती. त्यांनी सांगितलं, उठा. मारहाण झाली नाही, हे लोक पुढे कौतुकानं सांगायचे. मी शाळेच्या खिडकीतून पाहिलं, ओढ्यापलीकडे वाडीतली माणसं झोपड्यांच्या कारव्या उपटून भारे बांधत होती. पोरांच्या डोक्यावर मडकी होती. नात शाळेकडे पाठ करून चालत होती आणि तिच्या काखेत पाटी नव्हती. पाटी वर्गातच राहिली होती. मी ती धावत जाऊन देऊ शकलो असतो. शाळेपासून ओढा हाकेच्या अंतरावर होता.

सोमवारी मी फुलदाणीचा धडा घेतला. फळ्यावरचं ते वाक्य मी स्वतःच पुसलं. गावातल्या मुलांनी त्यानंतर रानातल्या कोणत्याच गोष्टीला हात लावला नाही. त्यांच्या आयांनी तशी शपथ घातली होती. पाटलांचा नातू परत आला तेव्हा त्यानं घोगऱ्या आवाजात विचारलं, "गुरुजी, ती कुटं गेली?" मी त्याला पाढे म्हणायला सांगितले.

साहेबांनी मात्र चांगला शेरा दिला होता. मुलं आजारी पडली ते त्यांना कळलं नाही, किंवा कळून त्यांनी कानाआड केलं. गुरुजी स्थानिक ज्ञानाचा अध्यापनात उपयोग करतात, असं त्यांनी वर कळवलं. त्यावरून पुढे मला बोलावणी यायला लागली. पहिल्या वेळी मी नाही म्हणायला हवं होतं. मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो.

बदली होऊन मी उरवड्याला आलो. तिथे कारखाने यायला लागले होते, मुलांना रानाचं काही पडलेलं नव्हतं आणि मला ते बरंच वाटलं. पण विटांचे ट्रक रस्त्यानं जायचे, वर कातकरी बायामाणसं बसलेली असायची, आणि प्रत्येक वेळी मी सायकलवरून उतरून चेहरे बघायचो. अशी काही वर्षं गेली. मग एका ट्रकवाल्याकडून कळलं की घाटाकडची काही कातकरी कुटुंबं नांद्याच्या बाजूला वीटभट्टीवर आहेत, त्यात एक आंधळी म्हातारी आहे. एका रविवारी मी निघालो. बसमध्ये मी बोलायचं वाक्य तयार केलं. लांब वाक्य करून पाहिलं, ते सबब सांगितल्यासारखं वाटलं. मग छोटं केलं.

भट्टीवर बाया कच्च्या विटा वाहत होत्या. ताडपत्रीच्या सावलीत बय बसली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. मी ओळखली ती बिडी धरायच्या पद्धतीवरून. मी जवळ जाऊन उभा राहिलो तर तिनं मान वर केली. "कोन आलंय गं?"

विटांची पाटी खाली ठेवून एक तरुण बाई आली. कडेवर पोर होतं. तिनं मला पायापासून वरपर्यंत पाहिलं. चौथीतल्या मुलीचे डोळे मला लगेच ओळखू आले, आणि तिनंही मला ओळखलं, यात काही शंका नाही.

"कोनी न्हाई," ती म्हणाली. "वाटंचा मानूस हाय."

"उन्हाचा आलाय त्यो. दे की त्येला कायतरी." बयनं हातानं चाचपडत शेजारचं मडकं ओढलं. त्यात उकडलेले काप होते. तिनं एक तोंडात घातला, सावकाश चावला आणि गप्प बसून राहिली. मग दुसरा काप उचलून माझा श्वास जिथून ऐकू येत होता तिकडे हात केला.

"त्येला दिऊ नको, बय," नात म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "त्यो खात न्हाई. कुत्र्यान्ला घालतो."

म्हणजे तिला पहिल्यापासून माहीत होतं. मोरीपाशी मी मागेपुढे बघायचो तेव्हा ती कुठेतरी झाडीत असायची. आणि ते माहीत असून ती दर शनिवारी यायची, माझ्याकडून वाचायला शिकायची.

बयचा हात तसाच राहिला. तिच्या कपाळावर आठी आली, काहीतरी दूरचं ऐकत असल्यासारखी. मग तिनं तो काप चाचपडत नातीच्या पोराच्या तोंडात घातला.

"मास्तर हाय व्हय?" तिनं विचारलं.

मी समोर हातभर अंतरावर होतो. नात माझ्याकडे बघत उभी होती, तीही वाट बघत होती असं मला आता वाटतं. ताडपत्री फडफडत होती. मी चपलांचा आवाज होऊ न देता मागे सरलो, वळलो आणि रस्त्याला लागलो.

पुन्हा गेलो तेव्हा हंगाम संपला होता, भट्टी विझलेली होती. ती माणसं कुठे गेली हे कुणाला सांगता आलं नाही. बय आता असणं शक्य नाही. नात असेल तर तिच्याही नातवंडांचं शाळेत जायचं वय झालं असेल. बसमध्ये तयार केलेलं वाक्य मात्र आहे तसंच आहे, त्यातला शब्द मी बदललेला नाही. बय, टोपली मी काढली, रात्र व्हायच्या आत, आणि मी खाल्लं नव्हतं, तुझ्या हातचं मी कधीच काही खाल्लं नाही, मला माफ कर.